१२ इंची कापडी बाहुली: कापणी, भरण, चेहरा, नऊवारी

बखिया:

कापडी बाहुलीबद्दलचे प्रश्न इथल्या चार-पाच चर्चाधाग्यांत विखुरले आहेत, ते इथे एकत्र करू. माप १२ इंची बाहुलीचे धरते. याहून लहान केली तर हात-पाय सुलटवताना जीव जातो, आणि १८ इंचांच्या पुढे गेलो की मानेचा प्रश्न वेगळाच होऊन बसतो.

आधी कापड. अंगासाठी मांजरपाट (साधे जाडसर सुती कापड) उत्तम, ३६ इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, अर्धा मीटर पुरून उरते. नव्या मांजरपाटाला खळ असते आणि ते आटते, म्हणून रात्रभर भिजत घालून साबणाने धुवा, वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. हे टाळलेत तर पहिल्या धुण्यात अंग आटते, आतले भरण तेवढेच राहते आणि सगळा ताण टिपेवर येतो.

कागदी नमुन्याची सपाट मापे, माया (शिवणीबाहेर ठेवायचे कापड) सोडून: डोके पावणेचार इंच रुंद आणि तेवढेच उंच, मान पावणेदोन रुंद व अर्धा इंच लांब, धड चार इंच लांब, खांद्यात साडेतीन. पाय साडेचार लांब, दीड रुंद. हात चार लांब, सव्वा रुंद. डोके, मान, धड एकाच तुकड्यात. बेरीज पावणेतेरा होते, पण भरल्यावर बाहुली बाराच्या आसपास येते.

आता ज्यावर सगळे अवलंबून आहे ती गोष्ट: प्रत्येक तुकड्यात उभा धागा बाहुलीच्या उंचीला समांतर ठेवा. किनारीला समांतर जातो तो उभा धागा. कापड उभे ताणून पाहा, जवळजवळ ताणत नाही. आडवे थोडे ताणते. तिरके भरपूर. भरताना आतून जो दाब येतो त्याने कापड आडव्या दिशेने फुगते, म्हणजे अंग गोल होते, लांब होत नाही. एक पाय उभा आणि दुसरा कापड वाचवण्यासाठी आडवा कापला, तर भरल्यावर उभा कापलेला पाय जाड-आखूड आणि आडवा कापलेला बारीक-लांब दिसतो. मग कितीही भरा, जुळत नाहीत.

आणि कापून मग शिवू नका. कापड दुहेरी करा, उलट्या बाजूला नमुना पेन्सिलीने आखा, रेषेवरच टीप घाला, आणि मग पाव इंच माया ठेवून कापा. अरुंद तुकडे आधी कापले की मशीनच्या दात्यांखाली सरकतात, बोटभर हाताची रुंदी खांद्याशी एक आणि मनगटाशी भलतीच होते.


उलटीटीप:

छान सुरुवात. टिपेबद्दल थोडी भर. टाका बारीक हवा, इंचाला १४ ते १६. नेहमीच्या ब्लाउजच्या १०-१२ टाक्यांनी शिवलेली बाहुली घट्ट भरली की टाक्यांमधून भरणाचे पांढरे तंतू डोकावतात. सुई १४ नंबरची, दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा दाबाखाली तुटतो, आणि तो तुटतो तो नेमका काखेत किंवा दोन पायांच्या मध्ये.

मान आणि काख इथे दुसरी टीप पहिलीच्या अगदी वरून मारा, शेजारून नव्हे. मग आतल्या वळणांना कात्रीने सरळ काप द्या, टिपेपासून दोन मिलिमीटर अलीकडे थांबून. बाहेरच्या वळणांना, म्हणजे डोक्याच्या गोलाईला आणि टाचेला, छोटे त्रिकोण काढून टाका. मानेच्या वळणाला काप दिले नाहीत तर सुलटवल्यावर तिथे आडव्या सुरकुत्या पडतात. त्या भरणाने जात नाहीत, इस्त्रीनेही नाही.

भरण्यासाठी दोन इंचांची फट पाठीच्या बाजूला, सरळ भागात ठेवा. वळणावर ठेवलेली फट बंद करताना नेहमी कुबड येते. फटीपाशी माया अर्धा इंच ठेवली तर आत दुमडून शिवायला सोपे जाते.


पावशेर_कापूस:

डोक्याचे माप पावणेचार इंच का? तयार बाहुलीचा चेहरा तर तीनच इंचांचा दिसतो.


बखिया:

कारण सपाट आणि भरलेले यांत फरक पडतो. नळीसारख्या भागाचा, म्हणजे हाता-पायाचा, हिशेब सोपा आहे: सपाट रुंदीला ०.६४ ने गुणले की भरलेल्या नळीची जाडी मिळते. दीड इंच सपाट पाय भरल्यावर एक इंचाला जरा कमी जाड होतो. गोल डोक्याचे गणित थोडे वेगळे. दोन सपाट गोल कडेला शिवून फुगवले तर रुंदी साधारण पाऊणपट उरते. पावणेचारचे पावणेतीनच्या थोडे वर, कापड जेवढे ताणेल तेवढे तीनकडे.

चेहऱ्याच्या कडेने बारीक चुण्या पडतात त्याचे कारणही हेच. सपाट कापडाला गोळा व्हायचे असेल तर कडेचे जास्तीचे कापड कुठेतरी जायलाच हवे, ते चुणीत जाते. म्हणून तीन उपाय आहेत. एक, चुण्या केसांखाली जातील एवढे केस पुढे घ्या. दोन, हनुवटीला मध्ये एक छोटा टक (कापड चिमटीत दुमडून घातलेली शिवण) घाला, पाव इंच रुंद आणि पाऊण इंच लांब. गालही छान येतात. तीन, डोके वेगळे, चार पाकळ्यांचे करा. पण मग एक शिवण चेहऱ्याच्या मध्यातून जाते, म्हणून त्यावर चेहऱ्याचा वेगळा तुकडा ओढून बसवावा लागतो. पहिल्या बाहुलीला तिसऱ्याच्या वाटेला जाऊ नये.


रंगारी:

अंगाच्या रंगाबद्दल कोणीच बोलले नाही. बाहुली पांढरीफटक का असावी? मांजरपाट चहात रंगवता येते: एक लिटर पाण्यात पाच-सहा चमचे चहा पावडर, दहा मिनिटे उकळून गाळा, आधी ओले केलेले कापड त्यात बुडवा, वीस मिनिटे सारखे हलवत राहा. कोरडे कापड घातले किंवा हलवले नाही तर डाग-डाग उठतात. वाळल्यावर रंग ओल्यापेक्षा बराच फिका दिसतो, म्हणून ओले असताना ‘जरा जास्तच झाले’ वाटेल इथवर न्या. पण चहाचा रंग उन्हात आणि धुण्यात उतरत जातो. शोभेच्या बाहुलीला चालेल, रोज हाताळायच्या बाहुलीला नको.

त्यापेक्षा मॅचिंग सेंटर गाठा. टू बाय टू रुबियाच्या (ब्लाउजच्या पातळ सुती कापडाच्या) शेडकार्डात बदामी, बिस्किट, कॉफी, तपकिरी अशा हव्या तेवढ्या छटा असतात. रुबिया पातळ असतो, नुसता भरला तर गाठी बाहेरून दिसतात, म्हणून उलट्या बाजूला पातळ फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारे अस्तर) चिकटवून मग नमुना आखा. फ्यूजिंगचा खरखरीत, चकाकणारा भाग कापडाकडे. इस्त्री दाबून ठेवायची, फिरवायची नाही. फिरवली की फ्यूजिंग सरकून फुगे येतात.

मागच्या बाजूला डोक्यापुरता काळा रुबिया जोडून घ्या. केसांच्या लोकरीतून टक्कल डोकावणे हा प्रकार यामुळे मुळातूनच मिटतो.


दाभण:

भरणाकडे वळू. गादीवाल्याकडे मिळणारा पॉलिस्टर फायबर, ज्याला सगळे सरसकट रेक्रॉन म्हणतात, तो घ्या. १२ इंचीला घट्ट भरून ७० ते ९० ग्रॅम लागतो. त्यातही दोन प्रकार हाताला कळतात. एक गुळगुळीत, बोटांतून सटकणारा. तो उशीला उत्तम, कारण दाबला की परत फुगतो. बाहुलीला याच गुणाचा त्रास होतो, कोपऱ्यात ठासला की परत वर येतो. दुसरा जरा कोरडा, एकमेकांना धरून राहणारा. बाहुलीला हा.

छोटे छोटे गोळे करून टाकू नका, बाहेरून बटाटे भरल्यासारखे दिसते. फायबर आधी बोटांनी मोकळा करा, मुठीएवढा लांबट पुंजका घ्या, त्याचे टोक आत ढकला आणि आधीच्या पुंजक्यात घुसवून मुरवा. हात-पाय टोकाकडून वर. डोके मात्र कडेने भरत यायचे, मध्यभाग शेवटी. मध्ये आधी भरले की कडा पोकळ राहतात आणि कपाळ पुढे येते.

अवजार म्हणून सर्जिकलच्या दुकानातला आठ इंची चिमटा घ्या, मुठीकडे कुलूप लागणारा. सुलटवायलाही तोच. विणायच्या सुईचे बोथट टोक चालेल, पण अणकुचीदार काहीही नको, टीप उसवते. अरुंद हात सुलटवायला रिकाम्या बॉलपेनची नळी उत्तम: नळी हाताच्या आत टोकापर्यंत सरकवा, आणि बाहेरून पंजाचे टोक बारीक काडीने नळीत ढकलत न्या. कापड स्वतःवरून घसरत नळीतून बाहेर येते. हे जमले की चिमट्याने ओढून कापड फाडायचे कारण उरत नाही.


पावशेर_कापूस:

माझे नावच कापूस आहे म्हणून विचारतो, सुती कापूस का नको? पूर्वी तोच भरत होते ना?


दाभण:

भरत होते, आणि चिंध्या, भुसाही भरत होते. कापूस पिंजून घेतलेला असेल तर पकड छान येते, बाहुलीला वजनही मिळते. अडचण नंतरची. कापूस ओल धरतो आणि दाबाने बसतो. वर्षभरात मान आणि कंबर रिकामी होते, आणि धुतल्यावर आत गठ्ठे होतात. आत ओल राहिली तर कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके आतून बाहेर उमटतात, ते धुऊन जात नाहीत. काचेच्या कपाटात राहणाऱ्या बाहुलीला कापूस जरूर भरा.

बसती बाहुली करायची असेल तर बुडाला वजन हवे. तांदूळ, बाजरी, मोहरी अजिबात नको, किडे होतात. मत्स्यालयातली धुतलेली बारीक वाळू एका दुहेरी शिवलेल्या छोट्या पिशवीत बंद करून बुडाशी ठेवा, साठ-सत्तर ग्रॅम पुरे. पाय धडाला जोडताना वरचा पाऊण इंच न भरता ठेवून आडवी टीप मारा, म्हणजे पाय वाकतो आणि बाहुली बसते. गच्च भरलेला पाय जोडला तर बाहुली पाय ताठ करून मागे कलंडते.


मनगटी:

मान लुळी पडते त्याचे काय? दर तिसऱ्या बाहुलीचा हाच फोटो येतो, डोके एका खांद्यावर.


बखिया:

मान लुळी पडते ती तीन कारणांनी. नमुन्यातच मान अरुंद असते. सपाट मापात ती डोक्याच्या निम्म्याच्या जवळपास हवी. दुसरे, डोके आणि धड वेगवेगळे भरले जातात आणि मानेत भरणाचा सांधा येतो. तिसरे, मान शेवटी भरली जाते. उपाय असा: डोके तीन-चतुर्थांश भरून झाले की एक लांब, जाड पुंजका असा घाला की त्याचा अर्धा भाग डोक्यात आणि अर्धा छातीत जाईल. मग त्याच्या चहूबाजूंनी मानेत भरत राहा, दोन बोटांत दाबली तर दबणार नाही इतपत. खांदे त्यानंतर.

आत आइस्क्रीमची काडी घालायचा सल्ला सगळीकडे दिसतो. शोभेच्या बाहुलीत घाला. मुलाच्या हातात जाणारीत नको. काडी मोडते आणि तिचे टोक कापडातून बाहेर येते.


गाठीचाटाका:

चेहऱ्यावर माझा मुद्दा थोडा हट्टी आहे: चेहरा भरण्याआधी आखावा, पण भरतकाम भरल्यानंतर करावे. सपाट कापडावर रिंग लावून काढलेले डोळे भरल्यावर दोन बाजूंना वळतात आणि बाहुली तिरळी दिसते. आखताना डोळ्यांची रेषा डोक्याच्या निम्म्याच्या खाली घ्या. निम्म्यावर किंवा वर घेतली की चेहरा थोराड होतो. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढे अंतर, तोंड डोळ्यांच्या रेषेपासून पाऊण इंच खाली. नाक नसले तरी चालते, दोन बारीक टाके पुरतात.

अँकरचा सहा पदरी दोरा उलगडून घ्या. पापणीची रेषा दोन पदरांनी उलट्या टिपेने, भुवई एका पदराने, बुबुळ दोन पदरांच्या भरीव टाक्याने आणि त्यात पांढऱ्या दोऱ्याचा एकच ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. ठिपके दोन दिशांना गेले की नजर हरवते. दोऱ्याची गाठ डोक्याच्या मागे, केसांखाली. लांब सुई मागून घालून थेट डोळ्यात काढायची. दोरा जरासा ओढून धरला की डोळ्याची खोबणही तयार होते.


रंगारी:

भरतकाम येत नसेल तर रंगवा, पण कापडावर थेट नव्हे. फॅब्रिक कलर पाण्याने पातळ केला की तंतूंच्या वाटेने पसरतो आणि पापणीला केसाळ कडा येते. आधी फॅब्रिक मीडियमचा पातळ हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग शून्य नंबरच्या ब्रशने जाडसर रंग. गालांना लाल मेणखडू हलका घासून वर कागद ठेवून कोमट इस्त्री. हे मात्र भरण्याआधीच करावे लागते.

आखणीच्या पेनांची एक सूचना. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनावर धुण्याआधी इस्त्री फिरली तर रेषा पक्की होऊन बसते. आणि इस्त्रीच्या उष्णतेने नाहीसा होणारा पेन वापरत असाल तर लक्षात ठेवा, ती शाई गेलेली नसते, फक्त दिसेनाशी झालेली असते. कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटते. कॅनडातल्या भाचीला जानेवारीत पार्सल करायची बाहुली साध्या पेन्सिलीनेच आखा.


अंबाडा:

केस. काळी अ‍ॅक्रिलिक लोकर, मध्यम जाडीची, २५ ग्रॅमचा अर्धा गुंडा. सात इंच रुंदीच्या पुठ्ठ्यावर ६० ते ७० वेढे घ्या. वेढे दाटीने शेजारी शेजारी हवेत, एकावर एक नकोत. एका बाजूला कापून ती चादर अडीच इंची काळ्या फितीवर आडवी पसरा आणि मधोमध मशीनची टीप मारा, हाच भांग. फीत कपाळापासून मागे डोक्यावर बसवून भांगाच्या रेषेतच हाताने उलटी टीप घाला. मग दोन्ही बाजूंचे केस कानाच्या पातळीवर चार-पाच टाक्यांनी डोक्याला धरून ठेवा, नाहीतर मागे ओढले की बाजू उघड्या पडतात.

अंबाड्यासाठी मागे तिपेडी वेणी घालून गुंडाळा आणि आतून टाचा. गजरा म्हणजे पांढऱ्या लोकरीची क्रोशाची साखळी, दर दोन साखळ्यांनंतर एक गाठ. खऱ्या गजऱ्यासारखा वाकतो. मण्यांचा गजरा दिसतो छान, पण १२ इंचीवर फार जड पडतो आणि अंबाडा खाली ओढतो.


इरकली:

आता मुख्य मुद्दा, नऊवारी. खरी नऊवारी आठ मीटरच्या थोडी वर. बाहुली माणसाच्या साधारण पंचमांश, म्हणजे हिशेबाने एक मीटर साठ-पासष्ट सेंटीमीटर कापड आणि नऊ-साडेनऊ इंच पन्हा. हिशेब बरोबर आहे, पण तसे नेसवून पाहा, बाहुलीच्या कमरेला गाठोडे होते. अंग पाचपट लहान झाले, कापडाची जाडी तेवढीच राहिली! म्हणून लांबी ४० इंच पुरे, पन्हा नऊ इंच. कापड जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीचे किंवा मलमलचे. नवी इरकल, खण, पैठणीचा तुकडा हे सगळे या मापाला ताठ पडते. निऱ्या उभ्या राहतात, काष्टा बसत नाही.

काठाचा प्रश्न वेगळा. साडीचा दोन-अडीच इंची काठ बाहुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो. उपरण्याचा किंवा पंच्याचा बारीक काठ घ्या, तो मापात बसतो. काठाच्या कडेनेच नऊ इंचांची पट्टी कापली की खालची कड दुमडायचीही गरज नाही.

नेसवताना कमरेला मागून पुढे घेऊन समोर गाठ, डाव्या हाताला १२ इंच आणि उजव्या हाताला उरलेले. आखूड बाजूच्या अर्ध्या इंचाच्या पाच निऱ्या समोर. निऱ्यांची खालची मधली कड दोन पायांतून मागे घेऊन पाठीशी कमरेत खोचा. लांब बाजू मागून फिरवून छातीवरून डाव्या खांद्यावर पदर. प्रत्येक टप्प्यावर टाचणी लावत जा आणि सगळे मनासारखे झाले की कमरेभोवती एकदाच धावदोरा, मागे काष्ट्यावर दोन पक्के टाके. टप्प्याटप्प्याने शिवत गेलात तर शेवटी पदर तिरका आला म्हणून सगळे उसवावे लागते. काष्टा ओढताना पायांमध्ये बोटभर सैल ठेवा, बाहुली बसणार असेल तर जास्तच.


मनगटी:

दागिने?


इरकली:

शोभेच्या बाहुलीला: ठुशीसाठी दोन मिलिमीटरचे सोनेरी मणी दोन पदरांत, मधून एकमेकांना बांधलेले. नथ तीस गेजच्या तारेत, पाच पांढरे मोती आणि मध्ये एक लाल मणी. तारेचे टोक चेहऱ्यात खुपसून सोडू नका, आत काढून केसांखाली वळवून शिवा. हिरवा चुडा म्हणजे हिरव्या दोऱ्याचे वेढे बॉलपेनच्या नळीवर घेऊन काजासारखे बांधलेले कडे.

लहान मुलाच्या बाहुलीला मणी, तार, बटण, काही नाही. सगळे भरतकामाने: काळा साखळी टाका आणि पिवळ्या दोन गाठी म्हणजे मंगळसूत्र, लाल गाठीचा टाका म्हणजे कुंकू. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला सुटू शकणारा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळीत पूर्ण मावत असेल तर तो घशात अडकण्याजोगा धरतात. रुपयाचे नाणे त्यात सहज जाते, यावरून अंदाज घ्या.


खणवाली:

दागिन्यांचा विषय निघालाच आहे तर उरलेल्या खणाच्या तुकड्यांचे माणसांनी घालायचे कानातले करा. गुळेदगुड्डचा खण दिसायला घट्ट, पण कापला की कडेने सुटतो. म्हणून आधी मागे फ्यूजिंग, मगच कात्री. चार सेंटीमीटरच्या पुठ्ठ्याच्या किंवा एमडीएफच्या चकतीला सहा सेंटीमीटरचा गोल कापा. कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत दुहेरी दोऱ्याने धावदोरा, मध्ये चकती, दोरा ओढून मागे आवळा आणि गाठ. गोंद लावून कडा दुमडायच्या भानगडीत पडू नका; गोंद पुढे झिरपतो आणि खणाच्या चमकत्या पोतावर तो डाग कायमचा. लावायचाच तर चकतीला लावा, कापडाला नाही, आणि बोटाने पुसून पातळ करा.

नक्षी मध्यभागी हवी असेल तर जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा सहा सेंटीमीटरचा गोल कापून त्यावर अधिकचे चिन्ह काढा. तो खणावर सरकवून ठिपका चिन्हाखाली आणा आणि भोवती आखा. कापड जास्त जाते, पण जोडीतले दोन कानातले सारखे येतात. मागे फेल्टची चकती, दोन्हींच्या मध्ये कडीचे टोक शिवून. नुसती चिकटवलेली कडी घामाने सुटते.


मनगटी:

माझा खरा प्रश्न गौरीच्या हातांचा. तयार मिळतात त्यांची बोटे सॉसेजसारखी असतात. याच पद्धतीने घरी करता येतील का?


दाभण:

येतील. बोटांची सपाट रुंदी १३ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, सुलटत नाहीत. दोन बोटांमधल्या खाचेत टोकदार कोन शिवू नका. खाली आलात की आडवे दोन टाके घ्या आणि मग वर वळा. काप त्या दोन टाक्यांच्या मध्ये द्यायचा, अगदी टिपेला टेकेपर्यंत. टोकदार कोनात काप द्यायला जागाच उरत नाही, म्हणून बोटांच्या मुळाशी कापड ओढले जाते आणि बोटे जाड दिसतात. सॉसेजचे कारण हेच.

प्रत्येक बोटात कापूस गुंडाळलेली तार घाला. तारेचे टोक आधी वाकवून छोटी कडी करा, नाहीतर ते बोटातून बाहेर येते. पाचही तारा मनगटाशी एकत्र पिळून कोपरापर्यंत न्या, म्हणजे हात हवा तसा वाकवता येतो. भरण बोटांत तारेपुरतेच, तळव्यात मात्र नीट. तळवा भरून झाला की बोटांच्या मुळाशी वरून खाली एकेक टाका घेऊन ओढा, उंचवटे येतात.


बखिया:

आणि बांगड्यांचे माप आधी ठरवा! दोन-चारची बांगडी म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, कारण ‘चार’ म्हणजे सोळा भागांतले चार. तिचा घेर सात इंचांच्या किंचित वर. अंगठ्यासकट भरलेल्या पंजाचा घेर त्याच्या आत यायला हवा. खरा हात दाबला जातो, तारा घातलेला कापडी हात तेवढा दबत नाही. नमुन्यावर अंगठा तळव्याला लागून खाली उतरता काढला तर हे जमते, काटकोनात काढला तर दोन-आठची बांगडीही अडते आणि मग ऐन आवाहनाच्या दिवशी हात उसवून चुडा भरण्याची वेळ येते.


रंगारी:

गौरीच्या हातांना लाल नेलपेंट लावणाऱ्यांसाठी: कापडावर नेलपेंट भोवती तेलकट कडा सोडतो. आधी नखाएवढा फॅब्रिक मीडियमचा थर.


पावशेर_कापूस:

लाल साडीचा रंग अंगावर उतरू नये म्हणून साडीचे कापड मिठाच्या पाण्यात भिजवायचे, बरोबर?


रंगारी:

सगळे सांगतात, पण बाजारातून रंगून आलेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही. रंग सुटायचाच असेल तर सुटतो. चाचणी करा: पांढरे कापड ओले करून लाल कापडावर ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर गुलाबी उमटले तर ते कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, तरीही उमटत असेल तर बाहुलीला वापरू नका. अंग मांजरपाटाचे असेल तर लाल परकराचा डाग थेट पोटावर बसतो आणि तो निघत नाही.


इरकली:

मी मिठाऐवजी व्हिनेगर सुचवणार होते, पण सुती कापडावर त्याचाही उपयोग नाही. अस्तर म्हणून पांढरे मलमल मध्ये घाला, ते सर्वांत सोपे.


अंबाडा:

कोणी प्रदर्शनात विकणार असेल तर: १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तूंना १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांचा गुणवत्ता नियंत्रण आदेश लागू आहे, म्हणजे आयएसआय चिन्ह हवे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः केलेल्या वस्तूंना त्यातून सूट दिलेली आहे. विकायचा विचार असेल तर कारागीर ओळखपत्राचे काम आधी करा.


दाभण:

धुण्याबद्दल राहिले. मशीनमध्ये नको. कोमट पाण्यात शांपूचे दोन थेंब, दाबून दाबून धुवा, पिळू नका. पिळले की मानेतले भरण फिरते. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि जाळीवर आडवी वाळवा, तीही पंख्याखाली. पाय धरून दोरीवर टांगली तर सगळे पाणी डोक्यात उतरते, डोके दोन दिवस ओले राहते आणि कपाळावर पिवळी रेघ येते.


मनगटी:

आखायला घेतले आहे. अंगठा उतरता काढला तर करंगळीची बाजू सरळ ठेवायची की तीही आत वळवायची?


दाभण:

सरळ. दोन्ही बाजू आत वळवल्या की मनगट अरुंद होते आणि तळव्यात भरण जात नाही. मनगट सपाट मापात पावणेदोन इंच ठेवा, आणि डावा-उजवा एकाच नमुन्यावर करताना तळव्याच्या बाजूला खूण करा, म्हणजे टाके उलट्या बाजूने ओढले जात नाहीत.